खालून येणारी हाक
लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक समुपदेशक बाईंकडे आला. जगण्यात रामच उरला नाही, म्हणाला.

"समजा, उद्या उठलात आणि सगळं ठीक झालं असलं, तर पहिला फरक काय जाणवेल?"

"खालून 'दादा, थांब' ऐकू येणार नाही."

अकरा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ लिफ्टच्या खड्ड्यात काम करत असताना याने घाईत बटण दाबलं होतं.

"तो समोर बसलाय असं समजून त्याच्याशी बोला," बाई म्हणाल्या. तो तासभर रडत बोलला.

पुढच्या आठवड्यात त्याचा चेहरा आणखीच उतरलेला होता. "हाक बंद झाली, बाई. आठ दिवस कान लावून बसलोय. आता तो खरंच गेला."

"कसा होता तो?"

"अंधाराला फार घाबरायचा," तो म्हणाला.