पहिला घाव सासूबाईंवर

बाईंनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि उरलेल्या वेळात डेलिली गोळा केल्या. गल्लीत म्हणायचे, खरं तर उलटं आहे. लोकांचं फारसं चुकत नव्हतं.

डेलिलीचं फूल सकाळी उमलतं आणि रात्र पडायच्या आत मान टाकतं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरं येतं. "एका दिवसासाठी एवढा खटाटोप?" असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं की बाई तोंडातली टाचणी न काढता म्हणत, "लग्नाचा पोशाख तरी किती दिवस घालतेस गं? शिवतेच आहे ना मी?"

त्या काळी रोपं टपालाने यायची. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन-दोन पंखे. पंखा म्हणजे पानांचा एक झुबका, जमिनीतून पंजा उघडावा तसा वर आलेला. असे दहा-पंधरा पंखे एकमेकांना चिकटून वाढले की त्याचा गड्डा होतो. पार्सलं आणणारा पोस्टमन दारातच कावायचा. "बाई, तुमच्या मातीने पुन्हा सगळ्या गल्लीची पत्रं बरबटली. एका प्रेमपत्राचा तर पार चिखल झालाय." मग एकदा त्याने लाजत लाजत एक पंखा मागून नेला, आणि गेला कामातून. निवृत्त झाल्यावर तो शेजारच्याच घरात राहायला आला. मधल्या भिंतीवरून दोघांची देवाणघेवाण चाले, आणि भांडणंही.

पार्सलांवरची जातींची नावं बाईंच्या जिभेला वळत नसत. म्हणून त्यांनी स्वभाव बघून नातेवाइकांची नावं ठेवली. उंच, ताठ, गडद लाल आणि कितीही पाणी घाला तरी तोंड वाकडं, ती सासूबाई. सगळ्यांत उशिरा येऊन सगळ्यांत जास्त दिवस मुक्काम ठोकणारी, ती धाकटी नणंद. पिवळीधमक, पाकळ्यांच्या कडांना चुण्याच चुण्या, ती थोरली जाऊ. फिक्कट दुधी रंगाच्या जातीला मात्र नातं दिलं नव्हतं, ती नुसती साय. अशा बासष्ट जाती त्या अंगणात ओळीने उभ्या होत्या.

आणि एक रोप बिननावाचं होतं. पांढरीशुभ्र डेलिली नसतेच. जवळपास जाणारे रंग मिळतात, पांढरा मिळत नाही. बाईंना तो हवा होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी फिक्या जांभळ्या डेलिलीचे पराग सायीच्या फुलावर टेकवले आणि देठाला शिवणाचा लाल दोरा बांधला. नऊ बिया मिळाल्या. सात उगवल्या. सहांची फुलं बघून बाईंनी ती रोपं उपटून टाकली. सातवं रोप चेंगट. यंदा कुठे त्याने पहिला दांडा काढला, आणि बाईंनी त्यालाही तसाच लाल दोरा बांधला. एकच पंखा, एकच दांडा, आणि त्यावरची पहिली कळी उद्या उमलणार होती. कळीच्या टोकाला हिरवा रंग होता, पिवळा होता, आणि त्यांच्या मधून काहीतरी तिसरंच डोकावत होतं. रोज सकाळी बाई दातही न घासता तिच्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या.

लेक येऊन अकरा दिवस झाले होते. तिला घरात ठकू म्हणत. आली तेव्हा तिचा जबडा एका बाजूने जांभळा होता आणि डाव्या हाताची दोन बोटं मोडलेली होती. "बोटं दारात सापडली," एवढंच ती म्हणाली. बाईंनी पुढे विचारलं नाही. पेज करून चमच्याने भरवली.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला फाटक वाजलं. बाई वाफ्यात उकिडव्या बसून वाळलेली फुलं खुडत होत्या. मान वर करून बघतात तर जावई. लाकडाच्या वखारीत काम करणारा तो माणूस, खांद्यावर ओंडका घेऊन जिना चढणारा. तोंडाला दारूचा वास नव्हता. बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"ठकू, कडी लाव!" त्या ओरडल्या.

आत कडी पडली. बाई बाहेरच राहिल्या.

जावई दारापाशी गेला, दोन लाथा घातल्या आणि थांबला. दार त्यानेच बसवलं होतं, सासू एकटी राहते म्हणून चांगलं जाड. खिडक्यांना गज होते, तेही त्यानेच ठोकलेले. आपणच केलेल्या कामापुढे तो क्षणभर उभा राहिला.

"आई, तिला बाहेर काढा," तो म्हणाला.

"ती यायची नाही. तुम्ही घरी जा, जावईबापू."

"मी नीट बोलतोय."

"मीही नीटच बोलतेय."

भिंतीला फावडं टेकवलेलं होतं. त्याने ते उचललं, अंगणभर नजर फिरवली आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "ठकू, ऐकतेस ना? बाहेर येईपर्यंत एकेक तोडणार. बासष्ट आहेत. मला घाई नाही."

पहिला घाव सासूबाईंवर बसला. सात उमललेली फुलं एकदम उडाली आणि लाल पाकळ्या त्याच्या बुटांवर येऊन पडल्या. दुसऱ्या घावात गड्डा उभा चिरला गेला.

"हिचं नाव काय होतं?" त्याने विचारलं.

"सासूबाई," बाई म्हणाल्या. "जे मला तीस वर्षांत जमलं नाही ते तुम्ही दोन घावांत केलंत."

भिंतीपलीकडून पोस्टमनचं टक्कल वर आलं. "अहो जावईबापू! अहो, हे काय चाललंय? निदान ती पिवळी तरी..."

"खाली हो म्हाताऱ्या, नाहीतर भिंतीसकट पाडीन."

टक्कल खाली गेलं. थोरल्या जावेचे चार तुकडे झाले. धाकटी नणंद अजून फुललीही नव्हती, ती तशीच गेली. घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता. आणि बाईंना हसू आलं. नको तेव्हा आलं, पण आवरेना. हा गडी डेलिली मारायला निघाला होता आणि करत होता नेमकं तेच जे बाई दर चार वर्षांनी करायच्या. गड्डा फावड्याने चिरायचा, तुकडे वेगवेगळे लावायचे. एकाचे चार होतात.

"हसता कशाला?"

"तुम्ही मारत नाही आहात हो. वाढवताय. आता मला चार-चार थोरल्या जावा सांभाळायला लागणार."

ही बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात महागाची थट्टा ठरली. ठकूच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी त्याला या वाफ्यात उभं करून शिकवलं होतं. पानं आणि मुळं जिथे जुळतात तो बोटभर गाभा जपायचा, बाकी काहीही तुटलं तरी चालतं, गाभा ठेचला की संपलं. तेव्हा तो चांगला होता, निदान बाईंना तसा दिसला होता. खताची पोती एकटा उचलून आणायचा. शिकवलेलं त्याला आता आठवलं. त्याने फावडं उलटं धरलं. तुकडा बुटाने उलथा करायचा आणि लोखंडाच्या कडेने बरोबर गाभ्यावर. ठेचल्याचा ओला आवाज यायला लागला. एक, मग दुसरा, मग तिसरा. बाईंचं हसू बंद झालं.

सायीपर्यंत तो पोचला तेव्हा खिडकीतून ठकूचा आवाज आला. "आई, मी येते. त्याला थांबव."

"येऊ नकोस."

"तुझी झाडं गं. चाळीस वर्षांची."

"असू दे."

"मी येते, थांब म्हणावं. मी घरी जाते."

सायीचा चेंदा झाला. पुढे लाल दोरा होता. त्याने वाकून दोरा बघितला, मग कळी, मग बाईंचा चेहरा. चेहऱ्यावर काय होतं ते बाईंना लपवता आलं नाही. तो प्रथमच हसला.

"ही कोण?"

बाईंनी हातातल्या खुरप्याची मूठ आवळली.

"ठकू," तो खिडकीकडे वळून ओरडला, "आईची लाडकी सापडली बघ. तीन म्हणेपर्यंत बाहेर ये. एक!"

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. दार इंचभर उघडलं. त्या फटीत बाईंना लेकीची पट्टी बांधलेली बोटं दिसली, आणि सगळं लख्ख कळलं. पोर मारापुढे झुकली नव्हती. ती झुकत होती आईच्या फुलांपुढे. आज गेली तर ती पुन्हा येणार नव्हती. आली तर चौघांच्या खांद्यावरून येईल.

त्यांच्या हातात खुरपं होतंच. दोन पावलं टाकून त्या गुडघ्यांवर पडल्या, लाल दोऱ्याच्या रोपाची पानं डाव्या मुठीत धरली आणि खुरपं गाभ्यात खुपसलं. एकदा नाही, सात-आठ वेळा. कळी मातीत पडली तेव्हा ती तळव्याखाली घेऊन त्यांनी चिरडली. तळव्याला काय लागलं ते त्यांनी बघितलं नाही. हात मातीला पुसला.

"झालं," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "आता काय तोडतोस? तोड. सगळी तोड. ठकू, दार लाव. इथे वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

हातातला ओलीस कुणी दुसऱ्यानेच मारून टाकावा तसा तो बघत राहिला. मग त्याने फावडं आडवं फिरवलं. बाईंच्या डाव्या खांद्यावर ते बसलं. काडी मोडावी तसा आवाज त्यांना स्वतःच्या आतून ऐकू आला. त्या कुशीवर पडल्या. कपाळ वाफ्याच्या विटेवर आपटलं आणि एका डोळ्यात रक्त उतरलं. दुसऱ्या डोळ्याने त्यांना त्याचे बूट दिसत होते आणि वर उचललेलं फावडं.

"थेरडे," तो म्हणाला.

दार आपटलं. ठकू पळत आली. गड्डे उपटायचा चार दातांचा लोखंडी काटा खताच्या ढिगात रोवलेला होता, तो तिने जाता जाता ओढून घेतला. ओरडली नाही, शिवी दिली नाही. चांगल्या हाताने दांडा धरला, मोडक्या हाताचा कोपर वर दाबला आणि अंगाचा सगळा भार टाकून काटा त्याच्या उजव्या पायात घातला. दोन दात बुटाच्या बाजूने मातीत गेले. दोन बुटातून गेले, पायातून गेले, आणि तेही मातीत गेले.

त्याची किंकाळी ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली म्हणतात. फावडं हातातून सुटलं. तो खाली बसायला गेला, पण पाय जमिनीला खिळलेला, त्यामुळे धड बसताही येईना. ठकू दांड्यावर तशीच लोंबकळत राहिली. तो तिच्या केसांना धरून ओढत होता, तिच्या पाठीत गुद्दे घालत होता. ती हलली नाही. एक झुबका उपटून त्याच्या मुठीत आला. शेवटी पोस्टमन शिडी लावून भिंतीवरून उतरला आणि त्याच्या छातीवर पाणी घालायची झारी आपटायला लागला. "सोड तिला! सोड! मी पोलिसांना कळवलंय!" झारीचा पत्रा चेपला, पण गडी मागे पडला.

पोलीस आला तेव्हा काटा काढलेला होता आणि बुटातून रक्ताची चिळकांडी थांबत नव्हती. कुणीतरी पायाला दोरी आवळली होती. गाडी यायची होती. पोलीस वयस्कर, दमलेला माणूस होता. त्याने वही काढली आणि तुडवलेल्या वाफ्यांकडे बघून विचारलं, "हे पायाचं कसं झालं?"

जावई पांढराफटक पडला होता. त्याने जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघितलं. बायकोकडे बघितलं नाही. "बागेत काम करत होतो," तो म्हणाला. "माझ्याच हातून लागला."

बायकोने पायाला खिळा मारावा तसं मारलं, हे चार माणसांत सांगायची त्याची तयारी नव्हती. पोलिसाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. पोस्टमनही पटकन म्हणाला, "हो हो, अपघातच. होतं असं." बाई विटांना टेकून बसल्या होत्या, हात शालीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्या मनात आलं, सुटली पोर. गप्प बसली की सुटली. आता गप्प बस, बाई माझी.

"नाही," ठकू म्हणाली. "मी मारला."

"ठकू," बाई हळूच म्हणाल्या.

"हे वाक्य मी दवाखान्यात सात वर्षं म्हणत आलेय. माझ्याच हातून लागलं. पडले. बोटं दारात सापडली. साहेब, खोडा ते. मी मारला, आणि का मारला तेही लिहा."

पोलिसाने पेन तसंच धरून ठेवलं. "मुली, विचार कर. हे असं लिहिलं की तुझ्यावरही येईल. तो स्वतः अपघात म्हणतोय. आईला विचार हवं तर."

सगळे बाईंकडे बघायला लागले. खांद्यातून कळा येत होत्या. एक शब्द पुरला असता. वयाचा मान म्हणून ठकूनेही तो ऐकला असता, आणि पोर दुपारी घरात असती, कोठडीत नाही. फक्त कागदावर तो नवरा राहिला असता, बागेत काम करणारा.

"आधी तिचं लिहा," बाई म्हणाल्या. "मग माझं. जाडी वही आणलीय ना?"

ठकू पायरीवर बसली. डोक्यावर केस उपटले होते तिथून रक्ताची रेघ कानामागे उतरत होती, ती तिने बाहीने पुसली. आणि लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगायला लागली. पोलिसाने पान उलटलं, थोड्या वेळाने दुसरं उलटलं. बाई ऐकत होत्या. त्यातलं निम्मंसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.