नाथाजीचं शेवटचं जेवण

नाथाजी कवीवर सिनेमा निघतोय म्हटल्यावर अर्धं कुपवाड हसलं. दिवसभर ओतकामाच्या कारखान्यात आणि दिवस मावळला की गुत्त्यावर, असा तो माणूस. जिवंतपणी त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. त्याच्या कविता वहीत उतरवून ठेवणारी मी एकटी, सांगलीच्या एका वाचनालयातली. त्यावरूनही लोक बोलायचे. लोकांना काय, जिभेला हाड नाही.

दिग्दर्शिका प्रांजल पटकथा घेऊन घरी आली. सिनेमात माझं नाव घ्यायचं होतं, त्यासाठी सही हवी होती. शेवटचा प्रसंग असा, की झोकांड्या खात आलेल्या नाथाजीला राजमती, म्हणजे मी, घरात घेते, गरम आमटी-भात वाढते. तो पोटभर जेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकात कोसळतो.

"हे जेवणाचं कुणी सांगितलं?"

"त्यांच्या बायकोनं, मंगलताईंनी. तुमच्याकडे जेवलो, असं ते घरी जाऊन म्हणाले होते."

मी पेन खाली ठेवलं. त्या रात्री आठच्या सुमाराला तो दाराबाहेरून "अक्का, लय भूक लागलीया" म्हणत होता, आणि मी आतून कडी लावून गप्प बसले होते. शेजारी काय म्हणतील, एवढीच भीती. अकरा वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याची एसटी धरली. नाथाजी गेल्यापासून त्याची बायको मंगल तिथं भावाकडे राहते. ओसरीवर शेंगा फोडत होती. टेकल्या टेकल्या मी सांगून टाकलं.

"वहिनी, मी दार उघडलंच नव्हतं. माझी लाज राखायला तो तुमच्याशी खोटं बोलला."

"ठावं हाय." तिनं मानसुद्धा वर केली नाही. "तुमी जैन मानसं. दिवस बुडल्यावर तुमच्यात कोन जेवत न्हाई, चूल पेटत न्हाई. मग आठ वाजता गरम आमटी-भात कुठनं आला?"

"मग त्या पोरीला तसं का सांगितलंत?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आवं अक्का, मला तवा तुमचा लय राग आला. दार लावलं तुमी, आन पांघरून घालत्यात हे. मी म्हनलं, जेवलायसा न्हवं? मग झोपा. चुलीपाशी पिठलं-भाकरी हुती. झाकून ठेवली. तेच त्या पोरीपास्नं झाकलं."

मला रडू आवरेना. ओझं उतरवायला आले होते, ते दोघींच्या डोक्यावर बसलं.

तिथूनच प्रांजलला फोन लावला. सही करते म्हटलं, पण जेवणाचा प्रसंग काढा, मी कडी लावली ते दाखवा.

मंगलनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आन बाई, माझ्या घरातली झाकलेली भाकरीबी दावा," ती म्हणाली. "उपाशी गेल्यात त्ये."