हळू मारलेला गोल

मोठ्या बाईंना कुणाचं मन दुखवायचं नव्हतं, आणि तिथेच माशी शिंकली. मॅचच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळेच्या फुटबॉल संघाला आपल्या खोलीत बोलावलं, बिस्किटं दिली आणि बजावलं, "उद्या समोर गोलमध्ये विशेष वर्गातली मुलगी आहे. जपून हं. चेंडू हळू मारायचा." बिस्किटं तोंडात असल्यामुळे मुलांनी नुसत्या माना डोलावल्या. खेळाच्या बाईंना यातलं कुणी अवाक्षर सांगितलं नाही. त्यांना संशय आला तो मॅचमध्ये, पहिला गोल झाला तेव्हा.

विशेष वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता, अडगळीच्या खोलीला लागून. त्या मुलांना शिकायला वेळ लागतो म्हणून वर्ग वेगळा, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण त्यांची मधली सुट्टीही वेगळी होती. बाकीची शाळा वर्गात जाऊन बसली की ही मुलं मैदानावर यायची. असं का, म्हणून विचारलं की उत्तर मिळायचं, "सोयीसाठी." कुणाच्या सोयीसाठी, ते कुणी सांगत नसे. खेळाच्या बाईंनी वर्षभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे मिश्र संघ निघाला, निम्मी मुलं विशेष वर्गातली, निम्मी बाकीच्या वर्गांतली. तोही मोठ्या बाईंच्या अटीवर. "शाळेच्या संघाशी एक मॅच बघू. झेपलं त्यांना तर सुट्टी एकत्र, सराव एकत्र. नाही झेपलं तर पहिलं होतं तेच बरं."

संघाची गोलकीपर विशेष वर्गातली होती. उंच, रुंद खांद्यांची. वाचताना अक्षरं तिला दाद देत नसत, आणि आज कुठला वार आहे यावर ती कुणाशीही भांडायची. सुरुवातीला सगळे तिच्याकडे चेंडू हळूच ढकलायचे, वर "घे हं बाळा" म्हणायचे. खेळाच्या बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी सरावाला नियमच करून टाकला की हळू मारलेला गोल मोजायचा नाही. बाकीच्यांनी तो ऐकला. या मुलीने तो मनावर घेतला. हळू चेंडू आला की ती हात पाठीमागे घ्यायची, बाजूला व्हायची आणि चेंडूला आत जाऊ द्यायची. "हा नाही मोजायचा." मुलं ओशाळली. मग जीव खाऊन मारू लागली आणि ती अडवू लागली. संघातल्या ज्या मुलीच्या लाथेला सगळे तोफ म्हणत, त्या तोफेनेच तिचं नाव भिंत ठेवलं.

आणि आता मॅचमध्ये शाळेच्या संघाचा कप्तान लांब्या गोलसमोर मोकळा होता. त्याने रांगत्या बाळाकडे ढकलावा तसा चेंडू पायाने ढकलला. भिंतीने हात पाठीमागे घेतले आणि ती बाजूला झाली.

"अरेरे, बिचारी," मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्याही पडल्या.

"हा नाही मोजायचा," भिंतीने रेफरीला सांगितलं. रेफरी म्हणजे गणिताचे सर. ते गोड हसले आणि त्यांनी मैदानाकडेला ठेवलेल्या फळ्यावर गोल मांडला. तसेच आणखी दोन झाले. मध्यंतरापर्यंत तीन-शून्य.

खेळाच्या बाई तरातरा मोठ्या बाईंपाशी गेल्या. "मुलांना तुम्ही काही सांगितलंय का?"

"सांगायला नको? लागलं-बिगलं तर जबाबदार कोण?"

"तिला रोज लागतं. गुडघे बघा तिचे."

"बाई, तुमची तळमळ कळते हो मला. पण चेंडू समोरून जातोय आणि मुलगी हात बांधून उभी. याला झेपणं म्हणायचं का, तुम्हीच सांगा."

खेळाच्या बाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. समजावून सांगायला गेलं तर ते बहाण्यासारखं वाटणार, आणि मॅच तर चाललीच होती हातची. त्या भिंतीजवळ जाऊन बसल्या. "ऐक ना. आजच्या दिवस हळू आलेला पण धर. माझ्यासाठी."

"तुम्हीच म्हणालात, हळू मोजायचा नाही."

"हो गं, पण आज…"

"आज खरी मॅच आहे ना?"

बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. शेजारी तोफ बुटाची नाडी बांधत होती. तिने गाठ करकचून आवळली.

मध्यंतर संपलं. मैदानाच्या मध्यावर तोफेला चेंडू मिळाला. तिने गिरकी घेतली आणि आपल्याच गोलवर सणसणीत लाथ हाणली. भिंत आडवी झेपावली. चेंडू छातीशी धरून, तोंडात माती घेऊन उठली आणि ओरडली, "हा मोजा!"

तेवढ्यात शिट्टी वाजली. "फाऊल! आपल्याच खेळाडूने पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. नियम आहे!" एवढा वेळ नुसते हसणाऱ्या सरांना एकदाचा नियम आठवला होता. भिंतीने पाय आपटले, वाद घातला. "आवाज खाली, नाहीतर कार्ड दाखवीन," सर खेकसले. आजवर तिच्यावर असं कुणी खेकसलं नव्हतं. खेळाच्या बाईंना आनंदाने सरांचे पाय धरावेसे वाटले.

लांब्याच्या संघाला फ्री किक मिळाली, चेंडू गोलसमोर ठेवला गेला. "जपून रे!" मोठ्या बाई कडेवरून ओरडल्या. लांब्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिचे हात या वेळी पुढे होते.

"मार की जोरात!" ती म्हणाली.

त्याच्या एका गड्याने चेंडू जरासा सरकवला आणि लांब्याने सगळा जोर लावून मारला. भिंत उडाली. चेंडू तिच्या बोटांना चाटून आत गेला.

खेळ संपला तेव्हा फळ्यावर चार-शून्य होतं. भिंत जमिनीवर मुठी आपटून रडत होती. मोठ्या बाई धावत आल्या. "असू दे गं राणी, खेळात सगळेच जिंकतात." मग खेळाच्या बाईंकडे वळून हलक्या आवाजात, "बघितलंत? सोमवारपासून आपलं पहिलं वेळापत्रक."

भिंत उठली. फळ्यापाशी गेली, बाहीने चारचा आकडा पुसला आणि तिथे एक उभी रेघ ओढली.

"अगं, चार झालेत," सर म्हणाले.

"एक. आम्ही एकाने हरलो."

"राहू द्या सर," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिला काय कळतंय."

"एकच आहे, मोठ्या बाई." लांब्या बुटाकडे बघत बोलला. "आम्ही एकच मारला. बाकीचे तीन तुमचे."

सरांनी खडू उचलला, रेघेकडे पाहिलं आणि खडू खिशात टाकला.

भिंतीने नाक पुसलं. "बाई, सोमवारी याला पण सरावाला बोलवा. याचा एक अडवायचा राहिलाय."

"बोलवू ना?" खेळाच्या बाईंनी विचारलं. पण तिला नाही, मोठ्या बाईंना.