शांतता समितीची खुर्ची

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. आळंदी रस्त्याच्या कडेला एका समाजमंदिरात भिंतीला टेकून उभी असते. मला उलगडतात ते फक्त शांतता समितीच्या बैठकीला. म्हणजे मिरवणूक जवळ आली, नाहीतर दगडफेक होऊन गेली की.

मित्रांनो, नवी होते तेव्हा मला याचा केवढा अभिमान! आता काही वाटत नाही. कोण बसलं, कोण उठलं, सगळं सारखंच.

आमच्या इथे दोन वस्त्या, वरची आणि खालची. मध्ये एकच सार्वजनिक नळ. तिथे रोज भांडणं जुंपत आणि रोज मिटत, कारण भांडणाऱ्या बायका एकमेकींच्या लेकरांना नावानं ओळखत. मग कॉम्प्युटरवाल्यांच्या उंच इमारती आल्या, पाणी तिकडे वळलं आणि नळ बंद झाला. दोन्ही वस्त्यांना वेगवेगळे टँकर येऊ लागले. टँकर चुकला की 'त्यांनीच पळवला' अशी बोंब उठे. खरं-खोटं विचारावं तर ओळख कुणाची उरली होती?

समितीचा रिवाज ठरलेला. एकमेकांना हार-नारळ द्यायचे, फोटो काढायचा, चहा प्यायचा आणि जुनं काही उकरायचं नाही. खालच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या नंदाताई माझ्यावर बसत आणि दर वेळी एकच मागत.

"बापूराव, तेवढा नळ सुरू करून घ्या. आमची पोरं वरच्यांची तोंडं विसरली. उद्या दगड उचलताना कुणाचा हात थांबायचा नाही."

अध्यक्ष बापूराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणत, "नंदाताई, ही शांतता समिती आहे, पाणी समिती नव्हे. चहा घ्या, गार होतोय."

सगळे हसत. माणसं वाईट नव्हती हो. त्यांना फक्त कटुता नको होती.

एका उन्हाळ्यात खालचे टँकर आलेच नाहीत. लोक वर जाब विचारायला गेले, दगड उडाले, वरचा जमाव खाली उतरला आणि संध्याकाळपर्यंत खालची वस्ती जळाली. कितीतरी माणसं गेली. अंगणवाडीतली लेकरंही गेली.

पुन्हा बैठक भरली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग बापूराव म्हणाले, "जी बालकं दगावली, त्यांना..."

"चिऊ," नंदाताई म्हणाल्या. "सुमेध. लहानगी प्रज्ञा. नावं आहेत त्यांना, सर."

बापूरावांनी ती नावं पहिल्यांदाच ऐकली. चहा कुणी घेतला नाही.

मित्रांनो, मला रंग नको, तेलपाणी नको. एखाद्या साध्या दिवशी, सगळं ठीक असताना मला उलगडा आणि जो विषय नकोसा वाटतो, तोच आधी काढा. उशीर केलात, तर बसायला माणसंच उरत नाहीत, आणि खुर्च्या पुरून उरतात.