नाव नसलेला फटका

‘‘कोनाला पटायचं नाय, पन गोजरची म्हैस त्या दिवशी भर रस्त्यात अशी बसली, की एस्टी थांबली, मागं लग्नाचं वऱ्हाड थांबलं, नवरा चालत गेला, लग्न लावून कडेवर पोर घेऊन परत आला, तरी म्हैस तिथंच!’’ कमळाकरतात्यांनी कॅरमवर चिमूटभर पावडर उधळली.

खेळायला बसलेली कुणाली हसली नाही. जोडीदार ‘गोजरची म्हैस’ असं ओरडला तर स्ट्रायकर नेमका कुठं मारायचा, एवढंच तिला हवं होतं.

शेणव्याच्या व्यायामशाळेत प्रत्येक फटक्याला असं नाव. जोडीदारानं पुकारायचं, खेळणाऱ्यानं तोच फटका मारायचा. रविवारच्या मुरबाडच्या स्पर्धेत समोरच्यांना ओ की ठो कळता कामा नये. नवसूचा जोडीदार भिवंडीला कामाला गेल्यापासून त्याच्या समोरची जागा रिकामी होती, आणि लग्न होऊन आटगावहून आलेल्या कुणालीला ती हवी होती. तिचा नेम साऱ्यांनी पाहिला होता. पण मघाशी नवसूनं म्हैस पुकारली, आणि म्हैस म्हणजे उठवायचीच असं समजून हिनं कोपऱ्यातली आपली सोंगटी भोकात घातली. ती तिथंच बसवून समोरच्याची वाट अडवायची होती. वाट मोकळी झाली, डाव गेला.

‘‘ही नावं अंगात मुरावी लागतात, सूनबाई. या रविवारी नाय, पुढल्या साली बघू,’’ जोड्या ठरवणारे तात्या म्हणाले.

‘‘मुरबाडवाल्यांना कळू नये म्हनून नावं ठेवलीत ना, तात्या? मग माझ्यापासनं कशाला लपवता?’’

तात्या सुपारी कातरू लागले.

‘‘परत मांडा,’’ कुणाली म्हणाली आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली.

या वेळी तिनं तात्यांच्या गोष्टींकडे कान दिला नाही. ती नवसूचे डोळे बघत राहिली. ‘धोंडूबाईचं जातं’ म्हणताना त्याची नजर कडेवरून फिरून आली. तिनं कडेवर आपटूनच सोंगटी आणली. ‘म्हैस’ म्हणताना नजर हललीच नाही. तिनंही कोपऱ्यातल्या सोंगटीला हात लावला नाही. तात्यांचा अडकित्ता थांबला.

शेवटी राणी दोन काळ्या सोंगट्यांच्या आड अडकली. नवसूनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुकारायला त्याच्याकडे काही नव्हतं.

कुणालीनं क्षणभर वाट पाहिली. मग बोट ताणलं. स्ट्रायकर डावी कड, समोरची कड करत मागून आला, राणीला जेमतेम टेकला, आणि राणी कोपऱ्यात गडप झाली.

तात्यांनी घसा साफ केला.

‘‘हात्तिच्या! हा तर आमचा जुना ‘जयरामचा बैल’! सांगतो ना. जयरामनं शहापूरच्या बाजारातनं बैल आनला, तर त्यो बैल काय करायचा, तीन गावांना वळसा घालून मागच्या दारानं...’’

‘‘थाप मारू नका तात्या,’’ नवसू पहिल्यांदाच मान वर करून बोलला. ‘‘जयरामकडं बैल कधी नव्हता, नि हा फटका इथं आजपावेतो कोनी मारला नाय. रविवारी मुरबाडला मी ‘कुणाली’ म्हनूनच पुकारनार.’’