खुर्चीवर बॅग, चटईवर सुवर्णा

मी एक जुनी खुर्ची आहे. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझे पाय जोडले गेले आणि गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या समुपदेशन कक्षात माझी वर्णी लागली. मऊ गादी, रुंद हात. "मुलांनी मन मोकळं करायचं ते इथंच बसून," असे समुपदेशक सर म्हणायचे, तेव्हा मला कोण ताठा यायचा!

मित्रांनो, सुवर्णासुद्धा आधी माझ्यावरच बसायची. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी कोकणा आदिवासी मुलगी. तिचे जेवण सुटले होते, वर्गातही जाईना. सर समोर बसून तिच्या डोळ्यांत बघत म्हणायचे, "मोकळेपणाने बोल." ती माझ्या गादीचा दोरा उसवत राहायची. "काही नाही, सर." एवढेच. सरांना वाटले, खरेच काही नसेल.

मग सर बदलून गेले आणि पेठ तालुक्यातल्या, सुवर्णाच्याच समाजाच्या गावित मॅडम आल्या. आल्या त्या चटई आणि बांबूचे सूप घेऊन! मला सारले कोपऱ्यात. माझा नुसता तिळपापड झाला. कॉलेजात सूप? हे काय खळे आहे?

एका दुपारी सुवर्णा भरलेली बॅग घेऊन आली. कॉलेज कायमचे सोडून ती संध्याकाळच्या एसटीने घरी निघाली होती. मॅडमनी तिला अडवले नाही. सुपात उडीद ओतले आणि म्हणाल्या, "बस गं बाय. जाता जाता एवढे निवडू लाग."

तिने बॅग माझ्यावर टाकली आणि स्वतः चटईवर बसली. माझ्यावर बॅग! अंगाची नुसती आग आग झाली.

दोघी शेजारी शेजारी, नजर सुपात. त्यांच्याकडे बायका दुःख बोलतात ते असेच, दाणे निवडता निवडता. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. आधी खडे निघाले, मग शब्द.

"मी वर्गात बोलली का सगळी हासतात. मंग मी बोलायचाच सोडला."

"माला पण हासायची सगळी," मॅडम त्याच बोलीत म्हणाल्या.

"मंग?"

"आधी रडली. मंग एकीला सांगला."

सुवर्णाला हुंदका फुटला. सुपावर रडली हो ती! माझी एवढी मऊ गादी असताना! त्या दीडदमडीच्या सुपाचा वाटला तितका हेवा मला जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

उडीद निवडून झाले तोवर एसटी निघून गेली होती. सुवर्णाने बॅग उचलली. खिडकीतून मी पाहिले, ती वसतिगृहाच्या वाटेला लागली.

परवा ती एका गप्प गप्प पोरीला हाताला धरून घेऊन आली. तिचीही बॅग माझ्यावर ठेवली आणि तिला चटईवर बसवले.

मित्रांनो, कुणी गप्प झाले तर समोर बसून त्याची उलटतपासणी घेऊ नका. शेजारी बसा, त्याच्या बोलीत बोला. सुपावरचा माझा राग अजून गेलेला नाही, खोटे कशाला बोलू? पण भरलेल्या बॅगा खुशाल माझ्यावर ठेवा. एसटी जाईपर्यंत मी त्या घट्ट धरून ठेवीन.