वगळलेलं गाव

उल्का सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या भाड्याच्या खोलीत बसून मलावीतल्या शेतीचा अभ्यास करायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त यासाठी विद्यापीठ पगार देत होतं. चाळीस गावांतल्या शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, चाळीस गावांना मुद्दाम द्यायचं नाही, आणि कापणीनंतर दोन्हींकडचा मका ताडून पाहायचा. वगळलेल्या गावांची पाळी त्यानंतर.

त्या दुपारी तिथे सर्वेक्षण करणाऱ्या चिसोमोने व्हिडिओ कॉल लावला. शेजारी एस्तेरे नावाची शेतकरी बाई उभी होती, वगळलेल्या गावातली. तिने मक्याचं कोवळं झाड कॅमेऱ्यासमोर धरलं. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, लष्करी अळी, पानांची पार चाळण.

"मॅडम, ती विचारतेय, यावर काही उपाय आहे का?"

होता. पोंग्यात राख-माती टाकायची. फुकटचा उपाय, वेळेवर केला तर बरंचसं पीक वाचतं. उल्काच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

प्रकल्पप्रमुख श्रीधर सर विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पीत होते. "अगं, एकीला सांगितलंस की गावभर होणार. तीन वर्षांचं काम पाण्यात. कापणीपर्यंत थांब, मग सगळ्यांनाच शिकवू."

माणूस वाईट नव्हता आणि बोलणं खोटं नव्हतं. उल्का थांबली. रोज स्वतःला शिव्या घालत थांबली.

कापणी झाली. शिकवलेल्या गावांत मका जवळपास दुप्पट. "किती स्वच्छ फरक!" सर खूश झाले. उल्काला मात्र त्या फरकाची लाज वाटली. तिने त्याच दिवशी चिसोमोला एस्तेरेकडे पाठवलं आणि कॉलवर राख, माती, पोंगा, सगळं घाईघाईने सांगून टाकलं. माफीही मागितली.

एस्तेरेने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती बोलली, आणि चिसोमो अडखळत सांगू लागला.

"मॅडम, हिची सख्खी बहीण नदीपलीकडच्या गावात असते. तिथे प्रशिक्षण झालं होतं. हिने तिलाही विचारलं होतं. ती रडली, पण सांगेना. म्हणाली, गावाबाहेर कुणाला सांगणार नाही असं आमच्याकडून लिहून घेतलंय."

तो मजकूर उल्कानेच तयार केला होता, याच टेबलावर.

"आता बोलतात ना दोघी?" तिने कसंबसं विचारलं.

चिसोमोने प्रश्न पोचवला. एस्तेरेने नुसती नकारार्थी मान हलवली.